‘४९८ अ’ वाला फॉरवर्ड: अटक, नातलग आणि ‘खोट्या’ तक्रारी

‘सुनेनं तक्रारीवर सही केली की त्याच रात्री अख्खं सासर आत. जामीन नाही. आणि बहुतेक खटल्यांत आरोपी सुटतात, म्हणजे तक्रारी खोट्याच.’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. १ जुलै २०२४ पासून नव्या गुन्ह्यांना ४९८ अ (पती आणि सासरच्यांकडून होणाऱ्या विवाहितेच्या छळाचं, जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम) लागतच नाही, भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६ लागतात, एवढंही त्यात बदललेलं नाही.

आधी अटक. शिक्षा कमाल तीन वर्षांची. अशा गुन्ह्यात आपोआप अटक करायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेशकुमार निकालात बजावलं. आरोपी पळेल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदारांना धमकावेल, पुन्हा मारहाण करेल, अशी कारणं पोलिसांनी लेखी द्यायची. ती नसतील तर हजर राहण्याची नोटीस (आता फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम ३५(३)). कारणं न तपासता कोठडी देणाऱ्या दंडाधिकाऱ्यावरही विभागीय कारवाई होऊ शकते. तरीही कुणाला उचललं, तर वकिलानं पहिल्याच रिमांडला (कोठडीसाठी न्यायालयात हजर करतात तेव्हा) कारणांचा कागद मागावा.

जामीन? अजामीनपात्र म्हणजे जामीन हक्कानं मिळत नाही, न्यायालय देऊ शकतं. अटकपूर्व जामीनही मागता येतो.

नातलगांना सरसकट गोवलं जातं, ही तक्रार मात्र खरी आहे. ‘पती, सासू, सासरे, दीर, नणंद यांनी संगनमताने वेळोवेळी शारीरिक व मानसिक छळ केला’, हे ठरावीक वाक्य कितीतरी फिर्यादींत दिसतं. परगावी राहणाऱ्या नणंदेनं नेमकं काय केलं, कधी केलं, याचा पत्ता नसतो. अशा मोघम आरोपांवरून नातलगांवर खटला चालवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये कहकशां कौसर प्रकरणात सांगितलं. नुकसान फिर्यादीचंही होतं: उलटतपासणीत तारीख, जागा, शब्द विचारले की नवऱ्याविरुद्धचा खरा भागसुद्धा डळमळतो.

राहिला सुटकेचा हिशेब. हा गुन्हा घरात घडतो, साक्षीदार घरचेच. मारहाण झाली तेव्हा ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून परत पाठवलेलं असतं, सरकारी दवाखान्याचा दाखला घेतलेला नसतो. मग बचावपक्ष विचारतो, ‘तेव्हा का बोलला नाहीत?’ मधल्या काळात पोटगी आणि घटस्फोटावर तडजोड होते. कुणी उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घेतं, नाहीतर फिर्यादीच साक्षीत फिरते आणि निकालपत्रात ‘निर्दोष’ लागतं. आकडेवारीत यांतलं कारण उमटत नाही.

खोटी तक्रार हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेच्या कलम २१७ आणि २४८ खाली. त्यात आरोप खोटा असल्याचं माहीत असूनही केला, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. संशयाचा फायदा देऊन सोडल्याचा निकाल त्याला पुरत नाही.