मालक नाहीत, पाय आहेत

मोज्याला भोक होतं, हे मला मान्य आहे. उजव्या, अंगठ्यापाशी, रुपयाच्या नाण्याएवढं. घरातली गोष्ट घरात राहिली असती. आता ते भोक एका विमानाच्या नोंदवहीत, पान ८७ वर, रंगीत फोटोसकट चिकटलंय. विमान उडो न उडो, ते तिथंच राहणार.

सुरुवातीचं झटपट सांगून टाकतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका शेडच्या मागच्या अर्ध्या भागात आम्ही चौघं विमान बांधतोय. खेळण्यातलं नाही, रिमोटचंही नाही. अमेरिकेत ओरेगनला व्हॅन्स म्हणून कंपनी आहे, तिचं आरव्ही-७, दोन माणसं शेजारी-शेजारी बसतात ते. किट म्हणजे खोक्यांतून पत्रे, पट्ट्या आणि रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडायच्या खिळ्यांच्या, पिशव्या येतात. भोकं पाडलेली असतात, बाकीचं तुमचं कपाळ. पैसे दातांच्या डॉक्टरांचे. शेड शेडमालकाची, पुढच्या अर्ध्यात तो पंपाचे भाग टर्न करतो. अक्कल वॉरंट ऑफिसरसाहेबांची. ते सांबऱ्याच्या, म्हणजे इथल्या विमानतळाजवळच्या, एअरफोर्समधून निवृत्त झालेत. आणि मी बँकेत कारकून. माझी पात्रता म्हणजे माझे खांदे, म्हणजे त्यांचा अभाव. चोपन्न किलो वजनाचा माणूस शेपटीच्या नळकांड्यात शिरू शकतो हे साहेबांनी मला पहिल्यांदा पाहिलं त्याच दिवशी हेरलं होतं. मला वाटलं होतं, माझ्या वाचनावर खूश झाले.

रिव्हेट ठोकणं हे दोन माणसांचं काम. बाहेरचा माणूस हवेच्या गनने रिव्हेटच्या डोक्यावर ठोकतो, आतला माणूस दुसऱ्या टोकाला पोलादी ठोकळा दाबून धरतो, आणि दोघांच्या मध्ये रिव्हेटचं शेपूट चेपून त्याचं बटण होतं. आमच्या बारक्या रिव्हेटचा व्यास ३/३२ इंच, त्यामुळे बटण व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच झालं पाहिजे. म्हणजे साडेतीन मिलिमीटर रुंद, सव्वा मिलिमीटर उंच. ज्वारीचा दाणा बोटानं दाबून बसवल्यासारखं. तिरकं झालं तर ड्रिलनं काढा आणि पुन्हा ठोका. असे काही हजार. डॉक्टर दात बघायचा छोटा आरसा घालून एकेक बटण तपासतात आणि सवयीनं म्हणतात, "जरा आ करा." साहेब ओरडतात, "हिलना मत!" सैन्यात असताना हिंदी बोलायचे, ते रागासाठी राखून ठेवलंय.

कानावर मफ असल्यामुळे बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून आमची खूण ठरलेली: बाहेरून पत्र्यावर एक टकटक म्हणजे 'ठोकतोय, तयार राहा', आतून दोन टकटक म्हणजे 'बिघडलं'. ही खूण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गेल्या रविवारी सकाळी बेळगावात कडाक्याची थंडी होती. मी स्वेटर घातला होता, मेहुणीनं विणलेला. ॲल्युमिनियमला ओरखडे पडू नयेत म्हणून बूट बाहेर. डोकं शेपटीकडे, पाय तोंडाकडे, अशा अवस्थेत मी आत सरपटलो. पत्रे तात्पुरते धरून ठेवायला भोकाभोकात क्लेको लावलेले असतात, स्प्रिंगच्या चंदेरी खुंट्या. त्यांची टोकं आतल्या बाजूला डोकावतात. सहावा की सातवा रिव्हेट झाला आणि लाइट गेली. कॉम्प्रेसर हं-हं करत थांबला. मी मागे सरकायला गेलो, तर मेहुणीची कला दहा-बारा ठिकाणी क्लेकोत अडकली होती. हात पुढे, कोपर वाकवायला जागा नाही.

बाहेर क्षणभर चर्चा झाली. मग शेडमालकाचा आवाज: "तू आतच थांब की रे. निघायला-शिरायला वीस मिनिटं जातात. आम्ही च्या घेऊन येतो."

आणि ते गेले. डॉक्टरसुद्धा. ज्यांची अक्कलदाढ काढायला मी त्यांच्याकडे गेलो होतो आणि जे तेव्हा मला "घाबरू नका, मी इथंच आहे" म्हणाले होते, तेसुद्धा गेले. कपाळावरच्या टॉर्चच्या उजेडात मी पत्र्याला गंजू नये म्हणून लावलेल्या झिंक क्रोमेटचा पोपटी रंग बघत पडून राहिलो.

पाचेक मिनिटांनी पावलं वाजली. चपला घासत येणारी. आमच्यातला कुणी चपला घालत नाही.

"आत कोन हाय ओ?"

"मी आहे."

"मी म्हंजे कोन?"

हा प्रश्न ऋषिमुनींना पडला तेव्हा निदान ते मोकळ्या हवेत बसलेले होते. मी बँकेचं नाव सांगितलं, शाखा सांगितली. आजोबांना पटलं असावं. खोकं ओढल्याचा आवाज आला. ते बसले. माझ्या पायांशी. मी त्यांना अजून पाहिलेलं नाही, फक्त ऐकलंय. गुऱ्हाळाच्या चरकाचं गनमेटलचं बुश झिजलंय, शेजारच्या टर्नरनं रविवारी सकाळी या म्हटलेलं, तो आलाच नाही, एवढी माहिती त्यांनी न विचारता दिली. मग म्हणाले, "काय करालासा आत?"

"थांबलोय."

"कशाला?"

"लाइटीसाठी."

"झोपून तर हाईसा. झोपायला लाइट कशाला पायजे?"

उत्तर नव्हतं. तेवढ्यात त्यांनी पत्र्यावर बोटाच्या पेरानं एकदा टकटक केलं, फणस पिकलाय काय बघतात तसं. आणि मी, मूर्ख, सवयीनं ठोकळा दाबून धरला.

"टाकी कशाची ही? मळीची?"

"टाकी नाही आजोबा, विमान आहे."

पुन्हा एक टकटक. पुन्हा मी तयार.

"विमान व्हय! मंग पंखं कुटं हाईत?"

"भिंतीला टेकवून ठेवलेत."

"भिंतीला टेकवून काय उपेग?"

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलाचा असावा, कारण आवाज एकदम वरच्या पट्टीत गेला आणि भाषा बदलली. आमच्याकडे माणसं हिशेबाला मराठी आणि मुलाला कन्नड असं बिनदिक्कत करतात. पलीकडून विचारलं असणार, मालक भेटले काय. आजोबा ओरडले, "मालक इल्ल! बरे काल अदाव, काल!"

कन्नडमध्ये 'काल' म्हणजे पाय. मालक नाहीत. नुसते पाय आहेत. पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसाचं इतकं नेमकं वर्णन आजवर कुणी केलेलं नाही, बायकोनंसुद्धा. तिला चांगली वीस वर्षं मिळाली होती.

फोन ठेवून आजोबा मूळ विषयाकडे आले. "ॲव्हरेज काय देतंय?"

खरं तर हा प्रश्न मला आवडला. लोक सहसा 'पडलं तर?' असं विचारतात. मी जमिनीला समांतर पडून हिशेब केला. १८० हॉर्सपॉवरचं इंजिन, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग, तासाला पस्तीसेक लिटर. "लिटरला आठ-नऊ किलोमीटर."

"माझी जीप बारा देतीया." टकटक. "आनी बेंगळूरला किती येळ?"

"दीड तास."

"आनी बांधायला?"

"होतील पाच-सहा वर्षं."

आजोबा गप्प झाले. मनात बेरीज चालू होती. "म्हंजे एकूण सहा वर्षं दीड तास."

वरून घरघर आली, सांबऱ्यावरून सुटलेलं काहीतरी होतं. "त्ये बगा," आजोबा म्हणाले. बघणार कुठून? "त्ये तयारच आनलंय."

इथं जरा विषयांतर करतो. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली ब्रिटिशांच्या हवाई दलानं, ऐन महायुद्धात बांधली. म्हणजे विमानं आमच्या गावाला नवी नाहीत. नवी आहे ती, आपल्यापैकी कुणी ते बांधू शकतो ही कल्पना. शेडमध्ये येणारा प्रत्येक मराठी माणूस पहिल्या दोन मिनिटांत, १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं असं म्हणतात त्या तळपद्यांपाशी जातो. त्यावर साहेब "सबूत दिखाओ" म्हणतात आणि भांडण होतं. मग कॅप्टन अमोल यादव निघतात. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं त्यांनी, २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते ठेवलं होतं. बोलणाऱ्याचा सूर असा की, त्यांनी गच्चीवर केलं, तुम्हाला शेड असून जमेना! मला त्या माणसाबद्दल अपार आदर आहे. पण गच्चीवरच्या त्या शेपटीत कोण शिरत होतं? त्याच्याबद्दल कुणी बोलतं का? त्याच्या मोज्यांचं काय झालं?

असो. आजोबा. त्यांना आता माझी काळजी वाटू लागली होती.

"तुमी पार्टनर काय ह्यात?"

"नाही. मदत करतो."

"पगार?"

"नाही हो. हौस."

मी त्यांना एक्कावन्न टक्क्यांचा नियम सांगितला. असल्या घरगुती विमानांसाठी अमेरिकेत नियम आहे की अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसांनी, स्वतःच्या शिक्षणासाठी नाहीतर करमणुकीसाठी केलेलं पाहिजे. आमच्या गावात टक्केवारी माणसाची पाठच सोडत नाही: दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड, विमानात एक्कावन्न टक्के हौस.

"आनी उरलेलं?"

"ते कंपनीनं करून दिलंय."

"कंपनीला पैसं दिलं?"

"दिले."

"म्हंजे एकोनपन्नास करनाऱ्याला पैसं, आनी एक्कावन्न करनारा ह्यो असा." 'असा' म्हणताना त्यांनी माझ्या तळव्याला हात लावला असावा, गुदगुल्या झाल्या. "बरं."

त्या 'बरं'वर मी चार दिवस झोपलेलो नाही.

मग त्यांनी ठरवलं की हे काही खरं नाही. "ओढू काय?"

"नको! नको, स्वेटर अडकलाय..."

पण शेतकऱ्याला चिखलात रुतलेलं काहीही तसंच सोडवत नाही. त्यांनी माझा उजवा घोटा धरला आणि एक हिसका दिला. मी जागचा हललो नाही, मोजा आला. थोडा वेळ शांतता. मग, अगदी हळू, आजारी माणसाला सांगतात तशा आवाजात: "फाटलाय की ओ ह्यो."

आणि त्यांनी तो मला पुन्हा घातला. मोठ्या मायेनं, टाच वरच्या बाजूला आणून. लहानपणी आईनं घातला असेल, त्यानंतर थेट हे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मायेनं की लाजेनं, अंधारात कळलं नाही. पुसायला हातही येत नव्हता.

बाकीचे पस्तीस मिनिटांनी आले. चहा म्हणून गेलेले भजी खाऊन आले होते, वास नळकांड्यात माझ्यापर्यंत पोचला. माझ्यासाठी कुंदा आणला होता, शेरास पावशेर उरलेला. डॉक्टर आणि आजोबा यांच्यात नमस्कार-चमत्कार झाले. आणि तेव्हाच डॉक्टरांनी, नोंदवहीसाठी फोटो लागतातच म्हणून, मोबाइल काढला. फोटो कशासाठी, तर पुढे तपासायला येणाऱ्या साहेबाला दाखवायला, की विमान आम्हीच बांधलं. फोटोत डॉक्टर गन धरून हसताहेत (लाइट नसताना), साहेब पत्र्याकडे बोट दाखवताहेत, शेडमालक कमरेवर हात ठेवून उभा. मध्ये दोन पाय. एकाची टाच वर, अंगठा बाहेर.

खाली डॉक्टरांच्या सुवाच्य अक्षरात: "शेपटीचे रिव्हेटिंग. बिल्डर: डॉक्टर, साहेब, शेडमालक. मदतनीस: १."

मी हे हसण्यावारी नेलं, सगळ्यांसमोर. चांगला मोठ्यानं हसलो. घरी आल्यावर मात्र हिशेब केला. दोन वर्षांचे रविवार, पावसाळ्यातले वगळून. उजवा खांदा वर होत नाही, बँकेत वरच्या कप्प्यातलं रजिस्टर शिपायाकडून काढून घ्यावं लागतं. आत घातलेल्या प्रत्येक बटणावर माझ्या मनगटाचा झटका आहे. तिरकं झालं तर दोष ठोकळेवाल्याचा, सरळ झालं तर कौतुक गनवाल्याचं. गावात त्याला 'डॉक्टरांचं विमान' म्हणतात, आणि म्हणोत, पैसे त्यांचे आहेत. पण 'मदतनीस: १'? एक काय? वांगी आहेत का? नाव लिहायला किती शाई लागते? आणि फोटो आमच्या ग्रुपवर टाकायची काय गरज होती? तिथून तो मेहुणीकडे गेला. तिनं मोज्याबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते स्वेटरचं. तो पाठीवर आता जाळीदार झालाय.

डॉक्टरांना मी बोललो. म्हणजे फोनवर, आडून. ते म्हणाले, "अहो, पुढच्या पानावर घालू की तुमचं नाव! येताय न्हवं रविवारी? त्या कप्प्यात अजून अकरा राहिलेत."

अकराच राहिलेत, हे खरं आहे. आणि ते दुसऱ्या कुणाला जमणार नाहीत, हेही. बायकोनं नवे मोजे काढून ठेवलेत, काळे, बँकेतल्या लोकांच्या लग्नकार्याला घालायचे. मी अजून 'येतो' म्हटलेलं नाही.

शेडमालक सांगत होता, परवा ते आजोबा बुश न्यायला आले होते. काम झालं, पैसे दिले, जाता जाता आमच्या शेडच्या दारात थांबले. आत डोकावून त्याला विचारलं, "त्ये पाय रविवारीच येत्यात काय?"