प्रायव्हेट शाळांवरचा व्हॅट आणि न आलेला लोंढा

पुण्याहून मावशीचा फोन आला. गुडघ्यांची चौकशी झाली, पावसाची झाली, मग आवाज जरा खाली आणून तिने विचारलं, "अगं, तुमच्याकडे म्हणे सरकारी शाळांत पोरांना प्रवेशच मिळेनात? प्रायव्हेटवर टॅक्स लावला ना त्यांनी?" म्हणजे तो मेसेज सदाशिव पेठेपर्यंत पोचला होता.

इथे इंग्लंडमध्ये, लंडनच्या आसपासच्या स्लाउ, हॅरो, हाउन्स्लोच्या मराठी गटांत तो कधीचा फिरतोय. सेकंडरीच्या, म्हणजे अकराव्या वर्षानंतरच्या शाळेच्या, फॉर्मची ३१ ऑक्टोबरची मुदत जवळ आली की त्याला पुन्हा पालवी फुटते. मजकूर थोडक्यात असा: लेबर सरकारने प्रायव्हेट शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लावला. त्यामुळे चारातलं एक मूल प्रायव्हेट सोडतंय. ही सगळी मुलं सरकारी सेकंडरीत घुसली, आता पहिल्या पसंतीची शाळा विसरा. ग्रामरच्या, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळांच्या, जागा प्रेपवाल्यांनी, म्हणजे प्रायव्हेट प्रायमरीतल्या मुलांनी, खाल्ल्या. ग्रीसने हेच केलं होतं आणि तोंडघशी पडला. शिवाय तिजोरीलाही तोटाच. शेवटी, अर्थात, हात जोडलेले आणि "प्रत्येक पालकापर्यंत पोचवा".

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आल्यावर महिन्याच्या आतच सरकारने ही घोषणा केली आणि १ जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट लागू झाला. आगाऊ फी भरून सुटू पाहणाऱ्यांसाठी दारही बंद केलं: २९ जुलै २०२४ पासून भरलेली जानेवारीपासूनच्या सत्रांची फीसुद्धा कराच्या कक्षेत आली. पुढे एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या धर्मादाय म्हणून नोंदलेल्या बहुतेक प्रायव्हेट शाळांची बिझनेस रेट्समधली (इमारतीवरच्या स्थानिक करातली) सवलतही गेली. मेसेजवर भरवसा ठेवावा तो इथपर्यंतच.

"चारातलं एक मूल" हा आकडा पालकांना विचारलेल्या प्रश्नांतून आला. फी वाढली तर मुलाला काढाल का, असं विचारल्यावर फी भरणारा माणूस काय म्हणेल? दुधाचा भाव वाढला की आपण सगळेच चहा सोडणार असतो. प्रत्यक्षात जानेवारी २०२५ च्या सरकारी शिरगणतीत इंग्लंडच्या प्रायव्हेट शाळांत साधारण ५ लाख ८२ हजार मुलं होती, आदल्या वर्षी साधारण ५ लाख ९३ हजार. घट अकरा हजारांची, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. प्रायव्हेट शाळांच्या स्वतःच्या संघटनेने केलेली मोजणीही तेरा हजारांच्या आसपासच थांबते, आणि ती संघटना या कराची कट्टर विरोधक आहे. पन्नासातलं एक म्हणा, फार तर चाळीसातलं एक.

सरकारची बाजू इथे धुतल्या तांदळासारखी आहे असं मात्र नाही. पहिल्या शैक्षणिक वर्षात फक्त तीनेक हजार मुलं हलतील, असा अर्थखात्याचा अंदाज होता. सगळीच घट व्हॅटमुळे झाली असं म्हणता येत नसलं, तरी तीन आणि अकरा यांत फरक आहे. शिवाय ही मोजणी कर लागला त्याच महिन्यातली, त्यामुळे तो अंतिम निकाल नव्हे. फीही फक्त करापुरती वाढली नाही. शाळांना स्वतःच्या खरेदीवरचा व्हॅट परत मिळतो, म्हणून इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या कर आणि सरकारी खर्चाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने आधी फीवाढ पंधरा टक्क्यांच्या आसपास धरली होती. संघटनेच्या मोजणीत ती व्हॅट धरून २२ टक्क्यांच्या पुढे गेली. शिक्षकांच्या पेन्शनचा वाढलेला बोजा आणि नेहमीची वार्षिक वाढही त्यातच आली.

तरीही लोंढा का आला नाही? याचं उत्तर इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजने २०२३ मध्येच देऊन ठेवलं होतं. २००३ पासून प्रायव्हेट शाळांची फी महागाई वजा करूनही ५५ टक्क्यांनी वाढली, तरी तिथे शिकणाऱ्या मुलांचं प्रमाण सहा-सात टक्क्यांवरच राहिलं. हा वर्ग फी वाढली की कुरकुरतो, सुट्टीचा बेत रद्द करतो, आजोबांकडे हात पसरतो. शाळा मात्र सहसा सोडत नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्याने गटातल्या आयांची झोप उडवली: "पहिल्या पसंतीची सेकंडरी विसरा."

इयर सेव्हनच्या, म्हणजे सेकंडरीच्या पहिल्या इयत्तेच्या, जागा दरवर्षी १ मार्चला जाहीर होतात. २०२५ मध्ये तो शनिवार आला म्हणून ३ मार्चला झाल्या. व्हॅटनंतरचा तो पहिलाच ऑफर डे. त्या दिवशी इंग्लंडमध्ये ८३.५ टक्के मुलांना पहिल्या पसंतीची शाळा मिळाली. आदल्या वर्षी, व्हॅट नसताना, हे प्रमाण ८२.९ टक्के होतं. विसरायला सांगितलेली गोष्ट थोडी सोपीच झाली.

असं कसं? पाळण्यांकडे बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ साली जवळजवळ ७ लाख ३० हजार बाळं जन्मली, गेल्या काही दशकांतला उच्चांक. २०१३ मध्ये हा आकडा ७ लाखांच्या खाली आला आणि २०२३ मध्ये ५ लाख ९१ हजारांवर. २०१२ ची बाळं २०२३ आणि २०२४ च्या सप्टेंबरात सेकंडरीत गेली, तेव्हा गर्दीचं टोक गाठलं गेलं. त्यानंतर दरवर्षी दाराशी येणारी तुकडी लहान होत चालली आहे. व्हॅट नेमका उताराच्या तोंडावर आला.

कागदावर छोटा हिशेब मांडू. अर्थखात्याच्या मते दीर्घकाळात प्रायव्हेटमधून सरकारीत येणारी किंवा प्रायव्हेटला न जाता सरकारीतच राहणारी मुलं ३५ हजार, तीही अख्ख्या युनायटेड किंगडममध्ये. शाळेची तेरा-चौदा वर्षं धरली तर एका इयत्तेच्या वाट्याला अडीच हजार येतात. एकट्या इंग्लंडमध्ये सेकंडरीसाठी दरवर्षी सहा लाखांच्या घरात अर्ज येतात. आणि २०१२ ते २०१३ या एकाच वर्षात जन्मांची घट होती ३१ हजारांची. अंदाज दुपटीने चुकला असं धरा, तिपटीने धरा, तरी पाळणा व्हॅटवर मात करतो. लंडनमध्ये तर मुलं नाहीत म्हणून प्रायमरी शाळा बंद होताहेत. एकट्या हॅकनीत २०२४ मध्ये दोन शाळांना टाळं लागलं आणि आणखी दोन शेजारच्या शाळांत विलीन झाल्या.

मावशीला इतकं सांगून फोन ठेवता आला असता. पण मेसेज खोटा असला तरी भीती सगळी खोटी नाही, आणि त्याबद्दल तो मेसेज अवाक्षर काढत नाही.

देशात जागा रिकाम्या आहेत याचा अर्थ तुमच्या गल्लीच्या टोकाच्या शाळेत जागा आहे असा होत नाही. हॅकनीतला रिकामा बाक सरी परगण्यातल्या मुलाला काय कामाचा? इथली सरकारी शाळा आधी ज्यांच्या विशेष गरजांच्या योजनेत त्या शाळेचं नाव आहे अशी मुलं घेते, कौन्सिलच्या सांभाळातली मुलं घेते, मग बहुतेकदा भावंडं, आणि उरलेल्या जागा बहुतेक ठिकाणी अंतरावर वाटते. आपल्याकडच्या आरटीईतल्या एक किलोमीटर, तीन किलोमीटरसारखा ठरीव पट्टा सहसा नाही. फूटपट्टी घराच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत लागते आणि जागा संपल्या की तिथेच रेघ. शाळेच्या अगदी जवळ राहणाऱ्या, पण आजवर प्रेपला जाणाऱ्या पाच मुलांनी फॉर्म भरला, तर ती आत येतात आणि रेघेच्या काठावरची पाच बाहेर जातात. काठावरची म्हणजे सहसा त्या महागड्या रस्त्यापासून दूर, दुकानाच्या वरच्या भाड्याच्या फ्लॅटमधली. बाहेर गेलेल्याला दुसरी शाळा मिळतेच, सरासरी जागच्या जागी राहते, पण मूल दोन बस बदलून जातं. बाथ, ब्रिस्टल, सरीचे काही भाग, अशा प्रायव्हेटचं प्रमाण देशाच्या सरासरीहून बरंच जास्त असलेल्या ठिकाणी हे होऊ शकतं. या कराबद्दल माझी तक्रार असेल तर ती ही आहे, आणि ती प्रायव्हेटच्या पालकांची तक्रारच नाही.

दुसरी अडचण वर्षाच्या मध्ये शाळा बदलण्याची. कर जानेवारीत, भर वर्षात लावला. २०११-१२ च्या आसपास जन्मलेली फुगलेली तुकडी आता सेकंडरीच्या मधल्या वर्गांतून पुढे सरकतेय, त्यामुळे इयर सेव्हनला जागा असते आणि इयर नाइनला नसते. आमच्या ओळखीतल्या एका घराने मुलाला इयर नाइनमधून काढलं. स्थानिक कौन्सिलचं उत्तर नियमाप्रमाणे पंधरा शालेय दिवसांच्या आत आलं, पण देऊ केलेली शाळा चार मैलांवरची. जवळच्या शाळेच्या वेटिंग लिस्टवर नाव लावून ते अजून वाट बघताहेत. त्यांनी हेच इयर सेव्हनच्या फॉर्मवर मागितलं असतं, तर घराच्या अंतरावर आरामात मिळालं असतं. म्हणून प्रायव्हेट सोडायचं मनात असलेल्यांना मी एवढंच सांगते, की शक्य असेल तर इयर सिक्सच्या ऑक्टोबरात सोडा, मध्येच नको.

ग्रामरचं काय? "प्रेपवाल्यांनी जागा खाल्ल्या" हे ऐकून मला हसू आलं, कारण त्या ते आजच खायला लागलेले नाहीत. इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर शाळा उरल्यात, आणि इलेव्हन प्लसची, म्हणजे त्यांच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी हीच कित्येक प्रेप शाळांची जाहिरात असते. केंटमध्ये सरकारी प्रायमरींनी या परीक्षेची खास तालीम देऊ नये असा दंडक आहे. प्रेपवर तो नाही. हा असमतोल व्हॅटच्या कितीतरी आधीचा. फी वाढल्यावर प्रायव्हेट सेकंडरीचा नाद सोडून ग्रामरकडे वळणारे काही जण वाढतील, हे मलाही पटतं. पण स्लाउमध्ये माझ्या मुलीबरोबर परीक्षेला बसलेल्यांत बहुसंख्य आपलीच होती: मराठी, तेलुगू, तमिळ, पंजाबी, सरकारी प्रायमरीतली, शनिवार-रविवार क्लासला जाणारी. जागा कोणी खाल्ल्या हे शोधायला आपल्याला प्रेपपर्यंत जायची गरज नाही. आरसा पुरेल.

ग्रीसचा दाखला वाचायला जोरदार वाटतो. खरी गोष्ट अशी: २०१५ च्या उन्हाळ्यात, बँका बंद, एटीएमवर रांगा, कर्जदारांचा फास गळ्याशी, अशा वेळी ग्रीसने प्रायव्हेट शिक्षणावर २३ टक्के व्हॅट जाहीर केला आणि काही महिन्यांतच गुंडाळला. पगार कापलेल्या, दिवाळखोरीच्या कडेवर उभ्या देशात शाळा बदलणाऱ्यांपैकी किती जण कराने हलले आणि किती रिकाम्या खिशाने, हे कोणी वेगळं काढणार कसं? त्यातून काहीही सिद्ध होत नाही, ना इकडचं ना तिकडचं.

राहिला तिजोरीचा तोटा. इथे मेसेजमधला "चारातलं एक" पुन्हा कामाला येतो. व्हॅटआधी सरासरी वार्षिक फी १८ हजार पौंडांच्या आसपास होती. शाळेला परत मिळणारा व्हॅट वजा करता सरकारच्या हाती एका मुलामागे सुमारे २,७०० पौंड पडतात असं धरू. सरकारी शाळेत एका मुलावर वर्षाला ढोबळ आठ हजार खर्च होतात. एक मूल सरकारीत आलं की त्याचा खर्च भागवायला तीन मुलं प्रायव्हेटमध्ये टिकावी लागतात. म्हणजे तोट्यात जायला खरोखरच चारातलं एक मूल बाहेर पडावं लागेल, आणि तेही प्रत्येक जण सरकारीतच आला तर. प्रत्यक्षात जानेवारी २०२५ च्या मोजणीत पन्नासातलं एक हललं होतं. अर्थखात्याने २०२५-२६ साठी दीड अब्ज पौंडांची आवक धरली होती. ती नेमकी तेवढीच येईल अशी हमी मी देणार नाही, आणि त्यातून कबूल केलेले ६,५०० नवे शिक्षक वर्गात उभे राहिलेले दिसेपर्यंत टाळ्याही वाजवणार नाही.

मेसेजच्या ताज्या आवृत्तीत "कोर्टात केस आहे, कर जाणारच" अशी पुरवणी जोडलेली दिसली. लंडनच्या हायकोर्टाने १३ जून २०२५ लाच ते दावे फेटाळले.

मावशीला यातलं निम्मंच सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपल्याकडे नाही ना गं लावणार शाळेच्या फीवर?" म्हटलं, शाळेच्या फीवर जीएसटी नाही, पण चिन्मयच्या नीटच्या क्लासची पावती काढून बघ, त्यावर अठरा टक्के असतील. पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला, मग कागदांची खसखस. "अगं बाई, आहेत की," ती म्हणाली. "आणि तरी बॅच फुल्ल होती."