बाकीची चालू ठेवा

काल संध्याकाळी नौपाड्यातल्या एका औषधांच्या दुकानात माझ्या अकरा औषधांचं जाहीर वाचन झालं. प्रोस्टेटच्या गोळीसकट. श्रोते सात, त्यांत आमच्याच सोसायटीतल्या दोघी.

झालं असं की, काउंटरवरच्या पोराला डॉक्टरांचं अक्षर लागेना. त्याने माझ्या दोन्ही चिठ्ठ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांपुढे सरकवल्या. "काका, हे काय लिहिलंय बघा जरा." मला विचारायची पद्धत नाही. गृहस्थ पंचाहत्तरीच्या आसपासचे, खिशात दोन चष्मे, आणि पिशवीत चक्क भिंग. "एकोणचाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली," असं म्हणत त्यांनी चिठ्ठ्या ट्यूबलाइटखाली धरल्या.

"टॅमसुलोसिन! हे लघवीचं ना?"

"अहो, हळू वाचा."

"हळू वाचलं की चुका निसटतात."

मग त्यांनी एकेक नाव बोट ठेवून घेतलं. "बीपीची ॲम्लोडिपिन. हिने पाय सुजतात का तुमचे?" सुजतात, मी म्हटलं. "मग ही पुढची पाय उतरायची. तिने रात्री लघवीला तीनदा उठावं लागतं, म्हणून ही झोपेची. बघा, एक चूक दुरुस्त करताना दुसरी, दुसरी दुरुस्त करताना तिसरी. आमच्याकडे असल्या कंपॉझिटरला घरी बसवत." मागून एक बाई म्हणाल्या, "अकराच का? आमच्या ह्यांना चौदा." त्यावर रांगेत कौतुकाची कुजबुज झाली. मधुमेह होऊन मला अठरा वर्षं झाली, पण अकराच्या आकड्याची लाज वाटण्याची ही पहिलीच वेळ.

"चिठ्ठीबाहेरचं काय घेता?" त्यांनी विचारलं. असं मला आजवर एकाही डॉक्टरने विचारलेलं नाही, म्हणून बेसावध क्षणी खरं बोललो. सकाळी हिने दिलेला कारल्याचा रस, आणि गुडघा धरला की शेजारच्यांनी दिलेली डायक्लोफेनॅकची गोळी. "छापील नाही, पण पानावर आहे," असं पुटपुटत त्यांनी माझ्याच चिठ्ठीच्या समासात पेन्सिलीने दोन खुणा केल्या!

आणि मग ते थबकले. पोराने काढून ठेवलेल्या दोन पट्ट्या त्यांनी उलट्या केल्या, भिंग लावलं, आणि आख्ख्या गोखले रोडला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "ही द्विरुक्ती आहे!"

एका पट्टीवर ग्लिमेपिराइड. दुसरीवर, वेगळ्याच नावाखाली, बारीक अक्षरांत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. पहिली साखरेच्या डॉक्टरांची, जुनी. दुसरी हृदयाच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वी इस्पितळातून घरी सोडताना लिहिलेली. पट्ट्यांचे रंग वेगळे, मला काय कळणार? साखरेची एकच गोळी मी महिनाभर दोनदा गिळत होतो.

इथे मला हसू येत नाही, हे सांगून टाकतो. गेल्या पंधरवड्यात दोनदा तलावपाळीवर बसल्या बसल्या मला दरदरून घाम फुटला होता. घरी सगळे म्हणाले, ऑक्टोबर आहे, कुणाला फुटत नाही? बरोबरच आहे म्हणा. साखर उतरली की छाती धडधडते, हात थरथरतात, असं ऐकून होतो. ते तर काहीच नव्हतं. रात्री साखरेच्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळलं की, हृदयासाठी दिलेली मेटोप्रोलॉल धडधड आणि थरथर दोन्ही झाकून टाकू शकते, घाम मात्र झाकत नाही. म्हणजे सूचना म्हणून उरला तो घाम, आणि ऑक्टोबरातल्या ठाण्यात त्याला कोण विचारतो!

"दोन्ही घेत होतात? कुणी सांगितलं?" डॉक्टर.

"तुम्हीच. बाकीची चालू ठेवा म्हणालात."

पलीकडे थोडी शांतता. मग म्हणाले की नुसती ग्लिमेपिराइडची आजपासून बंद, चार दिवस सकाळ-संध्याकाळ साखर तपासा, कारल्याचा रस तूर्त नको. आणि ती शेजारची गोळी अजिबात नको, कारण बीपीची दुसरी गोळी, पाय उतरायची आणि ती अशा तिन्ही मिळून मूत्रपिंडाचं वाटोळं करू शकतात. हे सगळं त्यांनी माझ्यावर खेकसून सांगितलं. मी निमूट ऐकलं.

पण "बाकीची चालू ठेवा" हे वाक्य काही मी शोधून काढलेलं नाही. हृदयवाले म्हणतात, साखरवाले म्हणतात, गुडघेवाले तर दारापर्यंत सोडायला येऊन म्हणतात. बाकीची म्हणजे कुठली, ते पिशवी उलटी करून बघायला कुणाला सवड नाही. ते काम करायला एक आगाऊ, मोठ्या आवाजाचा, नको त्या वेळी नको ते विचारणारा म्हातारा लागला, आणि त्याचे आभार मानायची माझी अजूनही तयारी नाही. सोसायटीतल्या दोघींपैकी एकीने आज लिफ्टमध्ये "आता बरं आहे ना?" असं विचारलं. नेमकं कशाचं, ते तिने सांगितलं नाही.

सकाळी ती पट्टी परत द्यायला गेलो. पोरगा म्हणाला, "कापलेली पट्टी परत घेत नाही, काका." कापली त्यानेच होती. मी चिठ्ठी पुढे केली, तर समासात पेन्सिलीची तिसरी खूण दिसली, काल लक्षात न आलेली. हृदयाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर माझं वय २७ लिहिलं होतं. त्यावर गोल करून बाजूला बारीक, सुबक अक्षरांत लिहिलं होतं : ७२?