खंयच्या केरीचे?

गोव्यात अनोळखी माणूस भेटला की तो आधी नाव विचारत नाही. "तुमी खंयचे?" असं विचारतो. नाव काय, सवडीने कळतंच. मी फोंड्याला राहतो म्हणून "फोंड्याचा" म्हणतो. समोरचा मान हलवतो, पण समाधान झालेलं नसतं. "तें सारकें, पूण आडनांव कितें?"

"केरकर."

दुसरा कोणी असता तर चौकशी इथेच मिटली असती. बोरकर म्हटलं की बोरी, प्रियोळकर म्हटलं की प्रियोळ, मांद्रेकर म्हटलं की मांद्रे. विचारणारा खूश, सांगणारा सुटला. माझी चौकशी मात्र इथून सुरू होते.

"खंयच्या केरीचे?"

कारण एवढ्याशा गोव्यात केरी तीन आहेत. एक पेडणे तालुक्यात, हरमलच्या पुढे, समुद्राला टेकलेली. तिथून फेरीबोटीने तेरेखोलला जाता येतं. दुसरी सत्तरीत, अंजुण्याच्या धरणाजवळ, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. तिसरी फोंडा तालुक्यात, विजयादुर्गेची. आमचे शेजारी या तिसरीला अजून "नायलॉनवाली केरी" म्हणतात. नव्वदच्या दशकात तिथल्या पठारावर नायलॉनचा कारखाना येणार होता आणि लोकांनी आंदोलन करून तो पिटाळला. म्हणजे जो कारखाना झालाच नाही त्याच्यावरून गाव ओळखायचं. तिन्ही गावं एकमेकांच्या नजरेला पडू नयेत अशा बेताने तीन तालुक्यांत ठेवलेली आहेत. सगळा त्रास त्यातून उपटतो.

आता यातली आमची कुठली, हे मला ठाऊक असायला हवं. घरात विचारलं. बाबा म्हणाले, "फोंड्याचीच बहुतेक." त्या "बहुतेक"मध्ये चार पिढ्यांचा आळस आहे. काका म्हणाले, पेडण्याची, कारण आजोबांना मासळीची पारख होती. हा पुरावा गोव्यातल्या कुठल्याही माणसाला लागू पडेल, असं मी म्हटलं तर ते रागावले. पणजोबा केव्हातरी केरीहून निघाले आणि निघाल्याची तेवढी खूण आडनावात ठेवून गेले. गावात असताना गावात कोणी स्वतःला केरकर कशाला म्हणवून घेईल? तिथे सगळेच केरीचे. "कर" लागतो तो बाहेर पडलेल्याला.

एक सांगून टाकतो. "खंयच्या केरीचे" विचारणाऱ्या प्रत्येकाला भूगोलात रस असतोच असं नाही. गाव कळलं की कुलदेव विचारायचा, कुलदेव कळला की उरलेलं आपोआप कळतं. जे थेट विचारायला लाज वाटते ते विचारायचा हा सभ्य रस्ता. अशा माणसाला मी तिन्ही केऱ्या सांगतो आणि बसवून ठेवतो.

काहीजण मात्र खरोखर निरागस असतात. ते विचारतात, "केसरबाई तुमच्या कोण?" केसरबाई केरकर 1892 साली फोंड्याच्या केरीत जन्मल्या. 1977 साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं अंतराळात सोडली. त्यांच्यात सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली आहे आणि तिच्यावर भारतातलं एकच गाणं आहे, ते केसरबाईंचं. "कोणीच नाही" असं मी म्हटलं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो दिवा विझतो तो बघवत नाही. एकदा आमच्या इमारतीच्या गणपतीत मला केवळ आडनावावर आरतीनंतर गायला बसवलं होतं. दुसऱ्या वर्षापासून माझ्याकडे खुर्च्या मांडण्याचं काम आहे. पण मला खरी गंमत वाटते ती त्या गाण्याच्या शब्दांची. "जात कहाँ हो." दोन्ही यानं केव्हाच सूर्याच्या टापूबाहेर निघून गेली, आणि वर तबकडीत केरीची बाई विचारतेय, कुठे निघालास? परग्रहावरच्यांना पहिली चौकशी गोंयकाराच्याच वळणाची जाणार.

आमच्या ऑफिसात एक शिरोडकर आहेत. शिरोडाही दोन. एक फोंडा तालुक्यातला, एक सीमेपलीकडचा, वेंगुर्ला तालुक्यातला. हे गृहस्थ कित्येक वर्षं "आमच्या गावात 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला" असं छाती फुगवून सांगत. निवृत्त झालेल्या त्यांच्या चुलत्याने एक दिवस डबा खाताखाता सांगितलं की सत्याग्रह झाला तो वेंगुर्ल्याकडच्या शिरोड्यात, आणि आपण फोंड्याकडचे. त्या दिवसापासून शिरोडकर जेवणात मीठ वरून घेत नाहीत.

बायको माहेरची नाईक. नाईकांना कोणी "खंयचे" विचारत नाही, विचारून उपयोगच नसतो. तिच्या फोनमध्ये नाईक गॅस, नाईक नळ, नाईक नारळ, नाईक डॉक्टर (दात) आणि नाईक डॉक्टर (बाकी) असे साठवलेले आहेत. तिचा सख्खा भाऊ "नाईक आमचो" या नावाने आहे. एकदा तिने नारळवाल्याला भाऊबीजेचं आमंत्रण दिलं होतं. तो आला, पाच नारळ घेऊन.

खरा हेवा वाटतो तो आमच्या ओळखीच्या एका कुर्डीकरांचा. साळावलीच्या धरणात सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव गेलं. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव ते. दक्षिण गोव्याच्या नळांना पाणी मिळालं आणि कुर्डीच्या लोकांना वाडे-वालकिणीला नवी घरं. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाव वर येतं. घरांची जोती, वाटा, सोमेश्वराचं देऊळ. मे महिन्यात कुर्डीकर तिथे जमतात, उत्सव करतात. आमचे कुर्डीकर तिथल्या फुटक्या जोत्यावर उभे राहून "हांगा चूल, हांगा आजयेची खाट" असं बोटाने दाखवतात. वर्षाचे अकरा महिने पाण्याखाली असलेल्या गावात त्यांना चुलीची जागा माहीत. माझ्या तिन्ही केऱ्या बारा महिने कोरड्या आहेत आणि मला तालुका सांगता येत नाही.

तर, लग्न.

बाबांच्या लांबच्या भावाच्या मुलीचं. निमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं. गणपती, मोर, फुलांचा पाऊस, सनईसुद्धा. खाली "स्थळ: देवस्थान सभागृह, केरी, गोवा." तालुका नाही. पाठवणाऱ्याच्या मते तो लिहायची गरजच नव्हती, जगात केरी एकच असते आणि ती त्यांची. मी बाबांना म्हटलं, फोन करून विचारा. बाबा म्हणाले, "केरकरांनी केरी खंय म्हणून विचारायचं? हसतील." त्या शाखेतलं मागचं लग्न पेडण्याकडे झालं होतं हे काकांना पक्कं आठवत होतं. मुहूर्त 12 वाजून 10 मिनिटांचा. आम्ही साडेआठलाच निघालो.

नकाशात मराठीत "केरी" टाकलं तर तो भलतीच दुकानं दाखवतो. पोर्तुगीज वळणाने क्यू-यू-ई-आर-आय-एम लिहावं लागतं. यातला शेवटचा एम उच्चारायचा नसतो, नाकात सोडून द्यायचा असतो. पण नकाशातली बाई तो ओठ मिटून उच्चारते. "क्वेरिम"च्या दिशेने म्हापसा, शिवोली, मांद्रे, हरमल करत आम्ही समुद्रापाशी पोचलो. तिथे सुरूची झाडं होती, वाळू होती, चड्डीतले दोन गोरे पर्यटक होते, लग्न नव्हतं. चहाच्या गाड्यावर चौकशी केली.

"तुमी खंयचे?"

"केरकर."

"मागीर हांगाच आयल्यात मरे!" तो आनंदाने म्हणाला. बरोबर जागी आल्याचं प्रमाणपत्र मिळालं, लग्न मिळालं नाही.

काकांनी आकाशाकडे बघत "मग सत्तरीची" असं जाहीर केलं. फोन करू म्हटलं तर यजमानांचा फोन लागेना. लग्नघरातला फोन लागलाय असं मी ऐकलेलं नाही. परत म्हापसा, मग डिचोली, साखळी. वाटेत मोपाच्या विमानतळाची पाटी दिसली. पर्रा गावावरून पर्रीकर आले आणि पर्रीकरांवरून विमानतळ. पण विमानतळाला नुसतं "मनोहर" हे पहिलं नाव दिलंय. ज्याने कोणी हे ठरवलं त्याला आडनावांचा अनुभव असणार. नाहीतर निम्मे प्रवासी पर्राला कलिंगडाच्या मळ्यात उतरले असते.

सत्तरीच्या केरीत मंडप होता, सनई होती आणि फाटकावर थर्माकोलची अक्षरं होती: केरकर. बाबांचे डोळे भरून आले. आम्हाला गुलाबपाणी मिळालं, सरबत मिळालं, पुढच्या रांगेत खुर्च्या मिळाल्या. एका आजींनी बाबांचा हात धरून विचारलं, "तूं मास्तराचो पूत न्हय रे?" आमचे आजोबा मास्तरच होते. बाबांनी मान डोलावली. अक्षता पडल्या, आम्हीही टाकल्या. मी स्टेजवर जाऊन पाकीट नवऱ्यामुलाच्या हातात दिलं, फोटो काढला. खाली उतरताना बायकोने दंडाला चिमटा काढला. "अहो, मागे नाव वाचा." मागे फुलांत वधूचं नाव लिहिलेलं होतं. आमच्या मुलीचं ते नव्हतं. वराचंही नव्हतं. फक्त आडनाव बरोबर होतं.

दिलेलं पाकीट परत कसं मागायचं याचा कुठलाही शिष्टाचार मराठीत किंवा कोकणीत उपलब्ध नाही. पाकिटावर "केरकर परिवाराकडून" एवढंच होतं, म्हणजे त्यांना ते कुठल्यातरी केरकरांचं वाटणार आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. आम्ही हळूच मागच्या बाजूने निघालो, तर आजी मध्ये. "जेवून वचात." आम्ही जेवलो. खतखतें फार सुरेख होतं.

मग होंडा, उसगाव, फोंडा. आमच्या घरावरून गाडी गेली. गॅलरीत सकाळी वाळत घातलेला माझा शर्ट वाळून उतरवण्याजोगा झालेला दिसला. तिथून केरी जेमतेम पाव-अर्ध्या तासावर. पोचलो तेव्हा वऱ्हाड निघालं होतं, पंगतीतली केळीची पानं उचलणं चालू होतं आणि मणगण्याचा टोप तळाशी आला होता. वधूपिता दारात उभे.

"खंय आशिल्ले रे इतलो वेळ? तुमी तर फोंड्यांतच रावतात!"

"ट्रॅफिक," बाबा म्हणाले.

दुसरं पाकीट फोंड्यातल्या एटीएममधून पैसे काढून, औषधांच्या दुकानातून मागून आणलेल्या खाकी पाकिटात घातलं होतं. त्यावर गोळ्या सकाळ-दुपार-रात्र घ्यायच्या चौकटी छापलेल्या होत्या.

परवा पोस्टाने एक छापील पत्रिका आली. सत्तरीकडून. बारशाची. फोटोतल्या खुणेवरून आजींनी मास्तरांच्या मुलाचा पत्ता हुडकून काढला म्हणे. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे: मुक्काम पोस्ट केरी, तालुका सत्तरी. बाबांनी ती देव्हाऱ्यापाशी ठेवली आहे आणि सकाळपासून दोनदा म्हणून झालंय, "आपण सत्तरीचेच असणार, बहुतेक."