बिनजामिनाचे फूल

बँकेत कृषिकर्जाच्या टेबलावर तीस वर्षे काढल्यामुळे समोरच्याच्या चेहऱ्यावरून थकबाकीदार ओळखण्याची विद्या मला अवगत आहे, असा माझा समज होता. परभणीतील माझ्या घरातल्या एका कुंडीने तो मोडीत काढला. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकवत आलो आहोत. त्याचा अर्थ मात्र कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. निवृत्तीनंतर मी तो शब्दशः घेतला आणि जर्मनीच्या चुनखडी माळरानांवर उगवणारे एक ऑर्किड परभणीत फुलवायचे ठरवले.

लग्नाच्या स्टेजवर टांगलेले जांभळे ऑर्किड ते हे नव्हे. ऑफ्रिस एपिफेरा, म्हणजे मधमाशी-ऑर्किड, जमिनीत कंद धरते. त्याच्या फुलाचा तपकिरी, मखमली, पिवळसर नक्षीचा ओठ असा फुगलेला असतो, की तीन गुलाबी दलांच्या मध्ये एखादी लठ्ठ माशी डोके खुपसून बसली आहे, असेच वाटावे. या वंशातील फुले नुसते माशीचे सोंग घेऊन थांबत नाहीत, तर मादीचा गंधही सोडतात. नर धावत येतो, ओठाशी संसार मांडू पाहतो आणि मध नाही, मादी नाही, अशा अवस्थेत परागांच्या गाठोड्या तेवढ्या अंगावर घेऊन पुढच्या फुलाकडे त्याच आशेने जातो. कर्जव्यवहारात अशा माणसाला आम्ही जामीनदार म्हणत असू. ही फसवणूक १९१६ साली जगापुढे मांडणाऱ्या दोघांपैकी पुयान हे अल्जीरियात न्यायाधीश होते, हे वाचून मला फार बरे वाटले. असला खटला चालवायला तसाच माणूस हवा.

सगळे ऑर्किड कुळच साइट्स, म्हणजे दुर्मीळ जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असल्यामुळे रोपवाटिकेत वाढवलेल्या कंदांनासुद्धा कागदपत्रे लागतात. ती मी विनातक्रार जमवली. कागद जमवणे हा माझा जन्माचा धंदा होता. खरी दमछाक वाळूने केली. आमच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे हवे तितके सापडतात, आणि या झाडाला चुना आवडतो, इथपर्यंत पत्रिका जुळली. पण हीच माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि कंद सडवते. म्हणून वाळू, मुरूम, चुनखडीचे खडे आणि नावापुरती माती असे मिश्रण करावे लागले. जर्मनीहून कंद आणणे सोपे, पण गोदावरीच्या काठच्या जिल्ह्यात एक टोपलंभर स्वच्छ वाळू मिळवणे किती अवघड, हे घर बांधलेल्या माणसाला मी वेगळे सांगायला नको.

झाडाचा दिनक्रम पाहून मात्र मी चकित झालो. हे चक्क रब्बीचे पीक आहे. शाळू पेरायच्या सुमारास जमिनीलगत पानांची चक्री निघते, थंडीभर हिरवी राहते, फुलल्यावर सगळे वाळून जाते आणि उन्हाळाभर कंद बिनपाण्याचा झोपून राहतो. उन्हाळ्यात पाणी न मागणारा पाहुणा मराठवाड्यात देव्हाऱ्यात बसवण्याच्या लायकीचा. जमिनीखाली तर त्याहून ओळखीचा व्यवहार चालतो: जुना कंद रिता होत जातो आणि शेजारी नवा भरत जातो, म्हणजे दरसाल नवे-जुने. मुद्दल तेवढेच, खाते मात्र चालू.

या दोन कंदांची जोडी पाहूनच ग्रीकांनी ऑर्किस, म्हणजे वृषण, हे नाव ठेवले. त्याचा अर्थ आत्याने विचारला, तेव्हा मी “परदेशी नाव आहे” एवढेच सांगितले. आमची आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मोतीबिंदू काढल्यापासून तिची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. कंद हातावर घेऊन ती म्हणाली, “आरं बापू, ही तर सालममिश्री. दुधात उकळून घे, कंबर धरायची राहील.” तिचे निदान चुकीचे नव्हते; सालममिश्री म्हणून काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात ते ऑर्किडचेच कंद. पण त्या दिवसापासून मी दुधाच्या पातेल्यावर लक्ष ठेवू लागलो.

पहिल्या वर्षी दोन कंद माझ्या अतिपाण्याने सडले. दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यांनी मी गावाला गेलेलो पाहून प्रेमाने चिमूटभर युरिया टाकला, आणि ज्याला खत मुळीच मानवत नाही असे ते रोप काळे पडले. उरलेल्या एका कंदाने तिसऱ्या वर्षी होळीच्या आगेमागे वीतभर दांडा काढला. त्यावर चार कळ्या होत्या. पहिली उमलली त्या सकाळी मी भिंग आणायला आत गेलो आणि परत आलो, तर आत्या स्वयंपाकघरातला चिमटा हातात घेऊन उभी.

“तुझ्या झाडावर माशी बसली व्हती बघ, कवाची रस शोषू लागली व्हती. हाणली तरी उडंना, मग उपटूनच काढली.”

पायाशी माझे तीन वर्षांचे फूल पडले होते. मला रागावता येईना, कारण वंशपरंपरागत ठकबाजीची इतकी चोख पावती मला कुठल्या पुस्तकात मिळाली असती?

उरलेल्या फुलांसाठी मी खुर्ची टाकून माशीची वाट पाहत बसलो. फुलोरी माशा आल्या आणि तुळशीवर गेल्या. एक काळा भुंगा आला आणि शेवग्याकडे वळला. आमच्या माशांना युरोपातल्या मादीचा गंध तो काय कळणार! तेवढ्यात भिंगातून दिसले, की परागांच्या दोन पिवळ्या गाठोड्या आपल्या नाजूक देठांवर वाकून फुलातच लोंबत आहेत. डार्विनने १८६२ साली लिहून ठेवलेली गोष्ट मी वाचूनही विसरलो होतो: इतके सोंग करणारे हे फूल बहुतेक वेळा स्वतःचे परागण स्वतःच उरकते, वाऱ्याची एक हलकी झुळूक पुरते.

परभणीत मार्चच्या दुपारी वारा कुठला? मी कूलर ओढत व्हरांड्यात आणला, टाकीत पाणी न घालता कमी वेगावर लावला आणि कुंडीकडे तोंड केले. गाठोड्या डुलल्या, आत टेकल्या आणि चिकटल्या. आता तीन शेंगा भरल्या आहेत आणि आत तपकिरीहून बारीक बी आहे. ते रुजायला जमिनीत नेमकी बुरशी लागते, त्यापुढे फुलायला कित्येक वर्षे. कंद जुन्या वाड्याच्या बळदात झोपला आहे. आत्या मात्र आल्या-गेल्याला सांगते, “आमच्या बापूनं झाडाला कूलर लावला, अन् म्हातारीला हातपंखा.”