टाकले कोणी?

परवा एका ग्रुपवर कुणाला तरी भेटीचा निरोप वेळेवर पोहोचला नाही. त्याने विचारले, "मला वाळीत टाकलंत काय?" आणि सगळे हसले. मला हसता आले नाही. शब्द सहज वापरला गेला, त्यामागे वाईट हेतू नव्हता, हे मान्य आहे; परंतु 'टाकणे' हे क्रियापद माणसाच्या बाबतीत आपण फार निष्काळजीपणे वापरतो, असे मला बरेच दिवस वाटत आले आहे, आणि ते सविस्तर लिहावे म्हणून ही पोस्ट.

माणसाला दूर करण्यासाठी मराठीत पुष्कळ क्रियापदे आहेत. 'हाकलणे' यात आवाज आहे, अंगावर धावून जाणे आहे, आणि हाकलणारा समोर उभा आहे. 'हुसकावणे' म्हटले की कुणाची तरी जागा बळकावण्याचा डाव दिसतो. 'काढणे' याला नोकरीवरून, घरातून, वर्गातून असे काहीतरी आधी जोडावे लागते. या तिन्हींत माणूस एका जागेवरून दुसरीकडे जातो. 'टाकणे' तसे नाही. टाकलेली वस्तू पडते तिथेच राहते. हात मोकळा होतो तो टाकणाऱ्याचा. म्हणूनच वाळीत टाकलेले कुटुंब त्याच गावात, त्याच घरात राहते आणि तरीही त्याच्या घरच्या लग्नाला कुणी येत नाही, दुकानदार माल देत नाही, मयत झाले तर खांदा द्यायला माणसे मिळत नाहीत.

'वाळीत' हा शब्द तर मुळातूनच पाहण्यासारखा आहे. जुन्या मराठीत 'वाळणे' म्हणजे बहिष्कृत करणे, त्यागणे. तुकोबांच्या अभंगात "वाळो जन मज" असे शब्द येतात ते याच अर्थाने. पुढे हे क्रियापद बोलण्यातून गेले आणि 'वाळीत' एवढे रूप मागे राहिले. आज ते ऐकताना 'घरात', 'शेतात' यांसारखी सप्तमी वाटते, जणू 'वाळ' नावाची एखादी जागा आहे आणि माणूस आपोआप तिथे जाऊन पडला आहे. वाळणारे लोक शब्दातून निघून गेले, वाळलेला माणूस तेवढा उरला. मला हे फार खटकते.

वास्तविक 'टाकणे' हे काही दुष्ट क्रियापद नव्हे. आपण पाऊल टाकतो, विश्वास टाकतो, पाहुण्यासाठी अंथरूण टाकतो, अडलेल्या माणसासाठी कुणाकडे तरी शब्द टाकतो. साप कात टाकतो. 'सांगून टाक', 'लिहून टाकले' यांत तर हेच क्रियापद सहायक होऊन येते आणि काम एकदाचे संपल्याची सुटका व्यक्त करते. पण नेमकी हीच सुटका माणसाला टाकतानाही आत दडलेली असते: प्रश्न मिटला, आता त्याकडे वळून पाहायला नको. एखाद्याला लागेल असे बोलण्याला आपण 'टाकून बोलणे' म्हणतो, ते उगाच नाही.

आता 'टाकलेली' हा शब्द घ्या. नवऱ्याने सोडलेल्या बाईसाठी तो कित्येक पिढ्या सर्रास वापरला गेला आणि अजूनही कानावर येतो. 'तिने नवऱ्याला सोडले' असे आपण म्हणतो. 'तिने नवऱ्याला टाकले' असे सहसा कुणी म्हणत नाही, आणि 'टाकलेला नवरा' हा प्रयोग मी तरी कधी ऐकलेला नाही. कृत्य नवऱ्याचे, पण त्याचे विशेषण जन्मभर बाईला चिकटते आणि कर्ता वाक्याबाहेर राहतो. सभ्य पर्याय म्हणून 'परित्यक्ता' आला, पण गोष्ट तीच राहिली. त्याचा धातू 'त्यज्', आणि 'त्याग' हा आदराचा शब्दही त्याच धातूपासून आलेला. सोडून जाणाऱ्याच्या वाट्याला त्याग यावा आणि सोडलेलीच्या वाट्याला परित्यक्ता यावी, हा भेद शब्दकोशाने केलेला नाही, आपण केला आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेला 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि १९२७ मध्ये सुरू केलेल्या पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले. तेही कर्मणी रूपच आहे, पण ते स्वतः होऊन उच्चारलेले आहे. ते वाचणाऱ्याला 'बहिष्कार केला कोणी?' हा प्रश्न चुकवता येत नाही. कायद्यालाही अखेर हाच प्रश्न विचारावा लागला. १९४९ चा मुंबई प्रांताचा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवला होता. त्यानंतर महाराष्ट्राने केलेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, आणि तो जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शिक्षा द्यायची तर माणसे ठरवावी लागतात, 'गावाने टाकले' एवढे सांगून भागत नाही. बातम्यांमध्ये मात्र अजूनही 'कुटुंबाला वाळीत टाकले' असा मथळा येतो आणि टाकणारे, आलेच तर, चौथ्या परिच्छेदात येतात. हे उलटे लिहिणे अवघड आहे काय?

आमच्या नात्यात एक वयस्क बाई होत्या. त्यांच्या पाठीमागे लोक त्यांना 'टाकलेली' म्हणत, आणि लहानपणी मीही तो शब्द विचार न करता वापरला आहे, याचे मला आज वाईट वाटते. त्यांच्या स्वतःच्या तोंडी तो शब्द मी कधीच ऐकला नाही. कुणी विषय काढलाच तर त्या हातातले काम न थांबवता एवढेच म्हणत, "त्यांनी मला नांदवलं नाही."