मंग माह्या धुऱ्याचा दावा कोन चालवीन?

मागच्या शनिवारी संध्याकाळी माझ्या हाताखालची ज्युनिअर वकील वडिलांना घेऊन घरी आली. वडील नागपूरजवळच्या काटोलकडचे, तीन एकर संत्र्याचा बगीचा. हातात संत्र्यांची थैली आणि चेहरा पंचनाम्यावर सही करायला बोलावल्यासारखा. पोरगी सोफ्याच्या टोकावर मान खाली घालून बसलेली. बँकेत लॉ ऑफिसर म्हणून तिची निवड झाली होती. मी फ्रीजमधून पेढे काढत होते, तेवढ्यात काका बोलले, "मॅडम, वकिलीची सनद बंद ठेवा लागते म्हंते हे. पाच वर्स शिकवलं, कोट शिवला. आता हे बँकेत बसन, तं मंग माह्या धुऱ्याचा दावा कोन चालवीन?"

हसू आलं होतं, पण दाबलं. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, दाव्यांवर आपल्याकडे पिढ्या गेल्या आहेत. काकांच्या चुलतभावाने दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, आत नांगरलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. त्या दोन तासांपायी या माणसाने पोरीला वकील केलं. आणि पोरगी निघाली बँकेत.

ते गेल्यावर डोक्यात जे घोळत राहिलं ते लिहून काढते आहे. लांब होणार आहे, आधीच सांगते.

"विधी शाखेतील करिअरच्या संधी" या विषयावर मी स्वतः दोन कॉलेजांत बोलून आले आहे. पडद्यावर बारा-पंधरा गोल असतात, त्यात न्यायाधीश, सरकारी वकील, कॉर्पोरेट, पेटंट, मध्यस्थी, अध्यापन असं सगळं. मुलं फोटो काढतात, आयोजक तुळशीचं रोप देतात. पहिली पाच वर्षं तुला पोसणार कोण, हे मात्र त्या पडद्यावर कुठेच नसतं. मीही विचारलं नाही, दोन्ही वेळा. माझ्या मते सगळ्या वाटा तिथूनच फुटतात.

माझंच सांगते. सनद घेतल्यावर पहिली चार वर्षं सिनिअरकडे महिन्याला हजार रुपये मिळत होते. दिवाळीत एक साडी. सिनिअर माणूस म्हणून वाईट नव्हते, त्यांनाही त्यांच्या सिनिअरने एवढंच दिलं होतं, म्हणजे काहीच नाही. मी कोर्टात टिकले ते माझ्या उलटतपासणीच्या जोरावर, असं मी अनेक वर्षं समजत होते. टिकले ती नवऱ्याच्या शाळेतल्या पगारावर. माझ्या बॅचमधले जे दोघं माझ्यापेक्षा हुशार होते, त्यातला एक आज विमा कंपनीत आहे आणि एकाने धंतोलीत झेरॉक्सचं दुकान टाकलं. बार रूममध्ये त्यांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "सुटला बिचाऱ्याचा कोर्ट." जणू काही वारला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं, ज्युनिअरला शहरात महिन्याला किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं म्हणून. सक्ती नाही, शिफारस आहे. ज्या दिवशी ते व्हॉट्सअॅपवर आलं, त्या दिवशी आमच्या बार रूममध्ये जेवढं हसू झालं तेवढं होळीलाही होत नाही. त्याच वर्षी ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सनदेच्या नोंदणी शुल्काला लगाम घातला. अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. हे खरंच मोठं काम झालं. दारातली फी कमी झाली. आत शिरल्यावरची उपासमार तशीच आहे.

आणि मग आला सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२५ चा निकाल. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व्हायचं तर आधी तीन वर्षं वकिली हवी. तात्पुरती नोंदणी झाल्या दिवसापासूनची मोजतात, न्यायमूर्तींकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही धरतात. खंडपीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते, अमरावतीचे, नागपूरच्या बारमधून वर गेलेले. निकालामागचं कारण मला पटतं. ज्याने पेशीवर, म्हणजे सुनावणीला, उभं राहून पक्षकाराचा रडवेला चेहरा पाहिला नाही, त्याने लगेच खुर्चीत बसू नये. पण काटोल-नरखेडच्या ज्या मुलीला पदवीनंतर सरळ परीक्षा देऊन सुटायचं होतं, तिला आता तीन वर्षं नागपुरात खोली, मेस आणि गाडीचं पेट्रोल कुठून आणायचं ते बघावं लागेल. अनुभव मागायचा आणि अनुभवाच्या काळातल्या भाकरीबद्दल शिफारशीपलीकडे जायचं नाही, हे काही मला झेपत नाही.

आपलं शहर मुळातच कोर्टावर जीव टाकणारं आहे, हेही आहेच. १९३६ पासून १९५६ पर्यंत इथे स्वतंत्र नागपूर हायकोर्ट होतं. पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले हिदायतुल्ला इथे मुख्य न्यायाधीश होते. राज्य पुनर्रचनेत राजधानी गेली, हायकोर्ट गेलं, खंडपीठ उरलं. सिव्हिल लाइन्समधली ती दगडी इमारत दाखवून प्रत्येक बाप पोराला म्हणतो, इथे उभं राहायचं. त्यामुळे तिथे जो उभा नाही तो वकीलच नाही, असं आपल्या हाडात बसलंय. खुद्द बाबासाहेब बॅरिस्टर होते. त्यांनी प्रॅक्टिस केली, मुंबईत मर्कंटाइल लॉ शिकवला, गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष आणि कायदेमंत्री. दीक्षाभूमीच्या गावात तरी कोणी म्हणू नये की कोर्टाबाहेर केलेलं काम वकिलाचं नव्हे.

आता सनदेचं. काकांचा खरा घोळ तिथेच होता आणि बऱ्याच मुलांचाही असतो. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की प्रॅक्टिस करता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम आहे. सनद आपणहून निलंबित ठेवायची. ती रद्द होत नाही. नोकरी सोडलीत की अर्ज करून पुन्हा सुरू करता येते. गंमत अशी की बँकेच्या लॉ ऑफिसर पदाला अर्ज करायचा तर वकील म्हणून नोंदणी झालेली असावी लागते, आणि रुजू व्हायचं तर तीच नोंदणी झोपवून ठेवावी लागते. काकांना हे समजावताना मी म्हटलं, ट्रॅक्टर विकायचा नाही, शेडमध्ये लावायचा. ते म्हणाले, "शेडमंदी लावला का बॅटरी उतरते, मॅडम." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच उतरते. पाच वर्षांनी परत आलेल्या माणसाला पक्षकार शून्यापासून जमवावे लागतात. शिकवणाऱ्यांना मात्र थोडी सूट आहे, दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवून प्रॅक्टिस चालू ठेवता येते.

मी स्वतः आता काय करते? आठवड्यातले दोन दिवस कोर्ट, बाकी दिवस कागद. जमिनीचे. लोकांना वाटतं हे रटाळ काम, आणि वाटू देत, माझी कमाई त्यावरच आहे. नागपुरात प्लॉटचा टायटल सर्च, म्हणजे मालकीचा शोध, ही जासूसी आहे हो. तीस वर्षांचा शोध घ्यायचा, सूची दोन (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) काढायची, सातबारा, फेरफार (हक्क बदलल्याची नोंद), आखीव पत्रिका (शहरी जागेचा मालमत्ता उतारा) एकमेकांशी ताडून बघायच्या. नझूलचा, म्हणजे सरकारी जागेचा, पट्टा आहे का, सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी भोगवटादार वर्ग दोनची जमीन आहे का, लेआउट नियमित झालं का, सुधार प्रन्यासचं आरएल नावाचं पत्र मिळालं का. आणि जुन्यात शिरलात की भाषा बदलते, कारण १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात, त्याआधी मध्य प्रांतात. कागद हिंदीत निघतात. मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारीच्या, काळातली नोंद वाचता येणारे वकील आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. एका प्रकरणात एक फेरफार माझ्या नजरेतून निसटला होता. मुलीचं नाव वारस म्हणून आधी लागलेलं आणि नंतर बक्षीसपत्राच्या नोंदीत गळालेलं. नशीब, खरेदी रजिस्ट्रीला जायच्या आदल्या रात्री दिसला. त्या रात्रीनंतर मी प्रत्येक फेरफाराचा नंबर वहीत हाताने लिहिते. संगणक कितीही असू दे.

याला लागूनच भाषांतराचं काम आहे, ज्याचा गोल मी कुठल्याच पडद्यावर पाहिला नाही. खालच्या कोर्टात कामकाज मराठीत, खंडपीठात इंग्रजी. म्हणजे अपील वर गेलं की जबानी, पंचनामा, खरेदीखत, सगळ्यांचं इंग्रजी हवं. "कब्जा", "वहिवाट", "ताबा" या तिन्हींना एकच इंग्रजी शब्द ठोकून देणारी भाषांतरं मी वाचली आहेत आणि त्यापायी युक्तिवाद घसरलेले पाहिले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने निकालांच्या भाषांतरासाठी सुवास नावाची संगणक प्रणाली २०१९ मध्ये आणली, तेव्हा आपले शरद बोबडे नुकतेच सरन्यायाधीश झाले होते. यंत्र मदत करेलच. पण धुरा म्हणजे काय हे त्याला काटोलचंच कोणीतरी समजावून सांगणार ना? दोन्ही भाषा पक्क्या असलेल्या खेड्यातल्या पोराने या कामाकडे जरूर बघावं. घरी बसून होतं, पानावर पैसे मिळतात.

पेटंटचं घ्या. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये हिस्लॉप कॉलेज रोडवर आहे, आणि वकिलांना विचारा, अर्ध्यांना ठाऊक नसेल. पेटंट एजंटची परीक्षा द्यायला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. आपल्याकडे फार्मसी आणि इंजिनिअरिंग करून तीन वर्षांच्या एलएलबीला आलेली मुलं ढिगाने आहेत आणि "आमची चार वर्षं वाया गेली" म्हणत कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलेली असतात. वाया कुठे गेली?

फौजदारीची आवड असेल तर विधी सेवा प्राधिकरणाची बचाव वकिलांची योजना बघावी. पूर्णवेळ काम, ठरलेलं मानधन, आणि गरीब आरोपीचे खटले इतके की तीन वर्षांत जी उलटतपासणी शिकाल ती खासगीत दहा वर्षांत मिळणार नाही. खासगी केस मात्र घेता येत नाहीत. सहायक सरकारी अभियोक्त्याची परीक्षा आहेच. १ जुलै २०२४ ला जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आल्यापासून तर आम्ही जुने आणि ही नवी मुलं एकाच बाकावर आलो आहोत. फसवणुकीच्या कलमाला माझ्या तोंडून अजून "चारशेवीस" निघतं, ज्युनिअर शांतपणे "तीनशेअठरा" म्हणते.

सैन्याची जॅग, म्हणजे कायद्याची, शाखा, वेकोलि (कोळसा) आणि मॉयल (मँगनीज) या सरकारी खाण कंपन्यांचे विधी विभाग, आयकर अपिलीय न्यायाधिकरण, कर्जवसुली न्यायाधिकरण, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, हे सगळं नागपुरातच बसून करता येण्यासारखं किंवा इथून गाठता येण्यासारखं आहे. वेकोलिचं तर भूसंपादन एवढं की उमरेड-सावनेर पट्ट्यातल्या वकिलांच्या घरात १९५७ चा कोळसा क्षेत्र कायदा पोथीसारखा असतो. नोटरीसाठी दहा वर्षांची प्रॅक्टिस लागते, महिलांना आणि मागासवर्गीयांना सात. कॉर्पोरेटबद्दल मी बोलणार नाही. मला त्यातलं कळत नाही, आणि ज्यांना कळतं ते पुण्या-मुंबईला निघून गेलेत.

एक मात्र स्पष्ट म्हणते, रागावणारे रागावोत. घरी भरपूर असेल, बापाचं ऑफिस असेल, तर कोर्टात पाच वर्षं खुशाल काढा, त्यासारखी शाळा नाही. ज्याच्या घरून पैसे येणार नाहीत, उलट घरी पाठवावे लागतात, त्याला "धीर धर, वकिलीत दहा वर्षांनी फळ येतं" असं सांगणाऱ्या सिनिअरने आधी त्याच्या खोलीचं भाडं भरावं. संत्र्याच्या झाडालाही फळ यायला पाच-सहा वर्षं लागतात, पण तोवर शेतकरी मध्ये तूर नाहीतर हरभरा घेतो. बगीचा तोडला असं त्याला कोणी म्हणत नाही.

हे शेवटचं मी काकांनाही बोलले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग पोरीला म्हणाले, "पगार किती हाय म्हनली होती?" तिने सांगितला. त्यांनी पुन्हा एकदा विचारला. मग पेढा खाल्ला.

जाताना दारात थांबले. चपला घालता घालता म्हणाले, "तं मंग मॅडम, तुमी चालवसान काय दावा?"

मी म्हटलं, चालवते, पण आधी भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाका, अकरा वर्षांत सरकारी मोजणीच झाली नाही आणि दावा कशावर उभा आहे? ज्युनिअरने तोंडावर हात ठेवला, कारण हे तिने वडिलांना दोन वर्षांपासून सांगितलं होतं म्हणे. घरच्या वकिलाचं कोण ऐकतं!

पेशी पुढच्या मंगळवारी काटोलला आहे. वकालतनाम्यावर माझी सही झाली. फी विचारली तर काकांनी ओट्यावरच्या थैलीकडे बोट दाखवलं.